जिन्याखालची बुरशी

मामा नाशकात येतात ते औषधं न्यायला. स्वतःची नव्हे, द्राक्षबागेची. फळांसाठीची गोडी छाटणी उरकून बाग पाच-सात पानांवर आली होती आणि नेमका परतीचा पाऊस दोन रात्री लागून पडून गेला होता. दिंडोरी तालुक्यातल्या बागायतदारांची झोप उडायचे हे दिवस. दुकानातून बाटल्या-पुड्यांची पिशवी घेऊन ते आमच्याकडे चहाला टेकले, हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. बघायला गेले तर जिन्याखाली वाकून उभे. तिथे मी धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशव्या टांगलेल्या आहेत. भुसा आतून पांढऱ्या तंतूंनी पार व्यापलेला, पिशवीच्या भोकांमधून लव बाहेर डोकावणारी. मामांनी एका भोकाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "काय गं हे?" म्हटलं, "मशरूम लावलीय, मामा." "म्हणजे बुरशीच ना?" "हो, बुरशीच." ते माझ्याकडे बघत राहिले. "आम्ही बुरशी मारता मारता टेकीला आलो, आन् तू घरात पाळती?"

हसणं झालं, चहा झाला. निघताना मात्र ते पुन्हा मोरीवर गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, चपला काढून त्यांचे तळ नळाखाली धरले आणि मगच गाडीला किक मारली. हात धुतले ते ठीक. चपला धुतल्या, ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

धिंगरी द्राक्षाच्या वाटेला जात नाही. ती मेलेल्या काडावर जगते, जिवंत पानाशी तिला घेणंदेणं नाही. हे मामांना मी सांगितलंही. त्यांनी मान डोलावली आणि तरी चपला धुतल्या. ज्याची वर्षाची कमाई एका ओल्या रात्रीत जाऊ शकते, त्याला "ही वेगळी बुरशी आहे" या वाक्याचा किती आधार वाटणार?

आजोळच तिकडचं असल्यामुळे बुरशीशी वैर मलाही बाळकडूतच मिळालेलं. सुट्टीत गेलं की आजोबांच्या मागे बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं फवारणीचं औषध, करायला जायचं. एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद एका बादलीत विरघळवायचं, चुना दुसरीत, दोन्ही एकत्र ओतून काठीनं ढवळायचं, की आभाळी निळं दाट पाणी तयार. मग माझं काम यायचं. लोखंडी विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ बुडवून धरायचं. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस झाक दिसली तर चुना कमी पडलाय, अजून घाला. पातं स्वच्छ निघालं तर फवारणी सुरू. विळ्यावर चढणारा तो तांब्याचा मुलामा मला इतका आवडायचा की चुना कमीच पडावा असं मनातल्या मनात वाटायचं. पुढे कधीतरी वाचलं की हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्दो भागातलं. रस्त्याकडेच्या वेलींवरचे घड येणारेजाणारे तोडून नेत, म्हणून तिथले बागायतदार कडेच्या वेलींना मोरचूद-चुन्याचा ओंगळ लेप देत. डावणी या द्राक्षाच्या पानांवरच्या रोगानं सगळा मुलूख झोडपला तेव्हा मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की कडेच्या त्या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ साली त्यानं कृती छापली. चोरांवरचा उपाय बुरशीला लागू पडला आणि पुढे दिंडोरीतल्या माझ्या आजोबांच्या बादलीपर्यंत आला.

आता बोर्डोच्या जोडीला इतकी औषधं आहेत की मामांच्या खिशातल्या डायरीत तारखेवार कोष्टक असतं. कुठलं औषध, किती मिली, तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं. रात्री दव पडून पान तासन्‌तास ओलं राहिलं की डावणी उतरते, म्हणून पहाटे चारला ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. पान उलटून बघायची तर त्यांना इतकी सवय आहे की आमच्या दारातल्या कृष्णकमळाचीही पानं ते बोलता बोलता उलटून बघतात. डावणी पानाच्या पाठीवर दिसते ती पांढरी लव असते. माझ्या पिशवीतूनही पांढरी लवच डोकावत होती. (डावणीला शास्त्रज्ञ हल्ली खरी बुरशी मानत नाहीत, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या भाऊबंदांत तिची गणना करतात. मामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग औषध बदलतं का?)

गंमत म्हणजे मामांच्या त्या पिशवीत ट्रायकोडर्माचा एक पुडाही होता. ट्रायकोडर्मा ही बुरशीच. मुळांच्या भोवती सोडली की मातीतल्या रोग पसरवणाऱ्या बुरश्यांना खाऊन टाकते, म्हणून बागायतदार ती शेणखतात वाढवून वेलींच्या बुडाशी घालतात. तीच ट्रायकोडर्मा माझ्या पिशवीत शिरली तर हिरवा डाग पडतो, दोन दिवसांत डाग पसरतो आणि पिशवी उचलून घराबाहेर न्यावी लागते. त्या दिवशी खरं तर मामांनी जाताना हात धुण्यापेक्षा येताना धुतले असते तर माझ्या सोयीचं झालं असतं.

घरात मशरूम पिकवते म्हणून साधं राहायचं असं मी ठरवून बसलेली नाही. पाथर्डी फाट्याकडे रो-हाउस घेतलं तेव्हा मागे पट्टीसारखी जागा मिळाली, तिच्यात बिल्डरनं भरलेला मुरूम होता आणि त्यात काही उगवत नव्हतं. ओला कचरा जिरवायचा म्हणून तिथे खड्डा केला, त्यावर वाळका पाला टाकत गेले, मोरीचं पाणी वळवून केळ आणि अळू लावलं, आणि मग कुणीतरी सांगितलं की तू करतेस त्याला पर्माकल्चर म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये हे नाव रूढ केलं. विचार आपल्याकडेही होता. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक, पण त्यांच्या प्रयोग परिवारातले द्राक्ष बागायतदार आपापल्या बागेत प्रयोग करून एकमेकांना कळवत. पालापाचोळ्यापासून माती तयार करायची त्यांची रीत आजही गच्चीवर बाग करणारे पाळतात. पर्माकल्चरवाले सगळ्यात आधी सांगतात ते म्हणजे काही करू नका, बघत बसा. ऊन कुठून येतं, पाणी कुठे साचतं, घरातली माणसं दिवसातून कितीदा कुठे जातात. बघत बसल्यावर कळलं की घरात जिन्याखालची जागा सगळ्यात गार आणि दमट आहे आणि तिथे मोडक्या छत्र्यांशिवाय काही ठेवता येत नाही.

आपल्या आजीला हे सगळं आधीच माहीत होतं, असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. माझ्या आजीच्या परसातही मोरीच्या पाण्यावर केळ होती, अळू होतं, राख होती, शेणखळा होता. पण घरात गॅस आला त्या दिवशी तिनं चुलीवर पाणी ओतलं आणि पुन्हा तिकडे वळून बघितलं नाही. अळूला मोरीचं पाणी जायचं कारण दुसरं पाणी विहिरीतून तिला स्वतःला शेंदावं लागायचं. माझं जिन्याखालचं साधेपण पगाराच्या आधारावर उभं आहे. पीक आलं नाही तर मी फाट्यावरून भाजी आणते. आजीच्या कष्टांना आपल्या हौसेचं नाव द्यायला मला संकोच वाटतो.

धिंगरीची कृती छापील पत्रकावर वाचली आणि मी थबकलेच. काड निर्जंतुक करण्यासाठी शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि सव्वाशे मिली फॉर्मेलिन, त्यात काड सोळा ते अठरा तास बुडवून ठेवा. कार्बेन्डाझिम म्हणजे बुरशीनाशक! बागायतदारांच्या कपाटात असतं तेच. बाकीच्या बुरश्या त्यानं मरतात, धिंगरीला तेवढ्या मात्रेचं काही वाटत नाही, म्हणून बुरशी वाढवायला बुरशीनाशक. तर्क बिनतोड आहे आणि बाजारात येणाऱ्या बऱ्याच धिंगरीमागे हीच रीत असते. मला ते घरात नको होतं. दुसरी रीत गरम पाण्याची. ऐंशी अंश तापमानाला तासभर काड ठेवायचं. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणि दोन्ही शेगड्या लावूनही एका वेळी जेमतेम एका पिशवीचं काड होतं, आणि सिलिंडर महिन्याआधीच संपतो. विष टाळायचं म्हणून गॅस जाळायचा, आणि त्याला शाश्वत म्हणायचं!

शेवटी चुन्यावर आले. भिजलेली चुनकळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्याचा पीएच बाराच्या वर नेते. त्यात काड रात्रभर बुडवलं की त्यावरच्या बहुतेक बुरश्या टिकाव धरत नाहीत, धिंगरी मात्र पुढे तग धरते. चुना ताजा हवा. उघडा पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मरून जातो. हातमोजे न घालता कालवला तर बोटांची सालं निघतात. दिवाळीच्या आधी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला येतो तसा वास रात्रभर मागच्या दारी येत राहतो. सकाळी काड उपसून खाटेवर निथळत ठेवते आणि दुपारी मुठीत दाबून बघते. थेंब टपकायला नको आणि तळहात ओला झालेला दिसायला हवा. मग पिशवीत थर, थरावर कडेकडेनं गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बियाणं, पुन्हा थर. उरलेलं चुन्याचं पाणी टबात उघडं ठेवते. त्यावर पांढरा पापुद्रा धरतो, दोन-चार दिवसांत त्याचा तिखटपणा उतरतो, तोवर अळवाजवळसुद्धा न्यायचं नाही. एवढं सगळं करताना लक्षात आलं की मोरचूद वगळलं तर मी आजोबांचंच मिश्रण कालवते आहे.

पुढचं काम धिंगरीचं. ऑक्टोबरात नाशकात तिला हवं तसंच पंचवीस अंशांच्या आसपासचं हवामान असतं. पंधरा-वीस दिवस अंधारात पिशवी पांढरी होत जाते, भोकांना नाक लावलं तर किंचित बडीशेपेचा वास येतो. मग पिशवी उघडी करायची, उजेड आणि वारा द्यायचा, दिवसातून तीन-चारदा पाणी फवारायचं. वारा कमी पडला तर लांब लांब देठ येतात आणि टोप्या बटणाएवढ्याच राहतात, कारण हीसुद्धा आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, तो तिच्याच भोवती साचतो. एके दिवशी सकाळी टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसतात आणि मग दुपारी ऑफिसात लक्ष लागत नाही. संध्याकाळी आलं की दुप्पट झालेले असतात. टोपीच्या कडा वर वळायच्या आत पिळा देऊन काढायची, नाहीतर पांढरी भुकटी उडते आणि घरात खोकला सुरू होतो. सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे या बाबतीत माझं वेळापत्रक मामांच्या डायरीइतकं कडक आहे. किलोभर कोरड्या काडावर दोन-तीन तोडे मिळून अर्धा-पाऊण किलो मिळते. महिन्याला लाख कमवा म्हणणाऱ्या जाहिराती बघते तेव्हा हा हिशोब आठवतो. अशांच्या नादानं बियाणं आणि पिशव्या घेऊन बसलेले आणि माल परत घ्यायला कुणीच न आलेले लोक माझ्याही ओळखीत आहेत.

काळ्या मसाल्यात, सुकं खोबरं-कांदा भाजून वाटून रस्सा केला की घरातले दोन पुरुष काही न बोलता तिसरी भाकरी घेतात. सासूबाई वासावरही यायच्या नाहीत. त्यांच्या लेखी ही कुत्र्याची छत्री. शेजारच्या काकू घेतात, पण श्रावणात चालतं का ते दर वर्षी नव्यानं विचारतात.

पिशव्यांचं मात्र काही करता येत नाही. प्लॅस्टिक. धुऊन पुन्हा वापरते, दोन-तीनदा वापरल्या की फाटतात. बादल्यांना भोकं पाडून त्यात लावून बघितली, तेही प्लॅस्टिकच, जाड एवढंच. मडक्यात लावली तर मडकं ओल शोषून घेतं. फाटक्या पिशव्यांचा गठ्ठा मी जिन्याखालीच, छत्र्यांच्या मागे ठेवला होता. कुणी बघायला आलं की तेवढा भाग दाखवत नसे.

मामांचं बोलणं डोक्यात घोळत असताना मला एक कल्पना सुचली होती. छाटणीनंतर त्यांच्या बांधावर काड्यांचा ढीग लागतो. काही ठिकाणी यंत्रानं बारीक करून त्या बागेतच पसरतात, पण अनेक ठिकाणी अजून पेटवून देतात. धिंगरी द्राक्षाच्या काड्यांवरही येते. लाकडाला टणक करणारा लिग्निन मोडायची ताकद फार थोड्या सजीवांत आहे, तिच्यात ती आहे. बागेचा कचरा, त्यावर बुरशी, उरलेला चोथा परत बागेत. कागदावर काढलेलं ते वर्तुळ मला फार सुंदर वाटलं. मामांना फोन केला. ते म्हणाले, "ने की. पण त्या काड्यांवर काय काय बसलंय ते विचार आधी." आणि डायरी काढून वाचायला लागले. वाचता वाचता हसू लागले. मी फोन कानाशी धरून ऐकत होते. तांबं तर होतंच, वर्षानुवर्षांचं. अळिंबी काडातले धातू शोषून स्वतःत साठवते हेही मला वाचून माहीत होतं. त्यानंतर गोदावरीतल्या पानवेलींचा (जलपर्णीचा) विचार आला, कारण त्यांवरही धिंगरी येते आणि त्या काढायला महापालिका दर वर्षी खटाटोप करते. पण पानवेल नदीतले धातू ओढून घेते म्हणून तर ती पाणी शुद्ध करायला लावतात. नाशकात कुठलंही वर्तुळ जोडायला गेलं की जोडावर असं काहीतरी हाताला लागतं. मी गव्हाचं काड आणते ते निफाडकडून येतं. त्याच्यावर काय मारलं होतं हे विक्रेत्याला विचारलेलं नाही. विचारलं तर आणता येणार नाही, अशी भीती आहे.

मामांना विषाची पर्वा नाही असं समजून मी कितीतरी वर्षं त्यांच्याशी वाद घातलेत. प्रत्यक्षात कुठलं औषध किती दिवस अंगात राहतं हे त्यांना माझ्या दसपट कळतं. २०१० साली एका वाढनियंत्रकाच्या अंशापायी युरोपला गेलेली द्राक्षं अडली, तेव्हा त्यांनी ते शिकून घेतलं, कारण न शिकून भागणार नव्हतं. आता तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. माझ्या धिंगरीचा नमुना कुणी मागितलेला नाही. ती साधी, घरची, म्हणून आपोआप शुद्ध, असं आम्ही सगळे धरून चालतो.

डिसेंबरात थिनिंग सुरू झालं तेव्हा रविवारी बागेत गेले. मणी विरळ करायला पेठ-हरसूलकडच्या बाया येतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावरून रोजच्या रोज येणाऱ्या काही, आणि काही हंगामभर बागेच्या कडेला खोप करून राहणाऱ्या. त्याच बाया पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला पळसाच्या पानांवर रानभाज्या मांडून बसतात. कुर्डू, करटोली, शेवळं, आणि नशीब असेल तर वारुळावरची अळंबी. त्या अळंबीचं सगळं जगणं वाळवीशी बांधलेलं आहे. वाळवी जमिनीखाली तिला जोपासते, माणसाला तिची लागवड आजवर साधलेली नाही. मी एक तयार झालेली पिशवी सोबत नेली होती, ती खोपीतल्या एकीला दिली. पाण्याच्या पिंपाजवळ सावलीत टांग, येताजाता पाणी शिंपड, एवढंच सांगितलं. मामा लांबून बघत होते. बागेपासून किती लांब आहे ते त्यांनी डोळ्यांनी मोजलेलं मला दिसलं, पण बोलले नाहीत.

जानेवारीत पुन्हा गेले तर तिचा दुसरा तोडा निघून गेला होता आणि माझ्या जिन्याखाली थंडीनं सगळं रेंगाळलेलं. कशी लागली, विचारलं. पोरांनी खाल्ली म्हणाली. तिला स्वतःला आवडलेली दिसली नाही. पावसातल्या अळंबीला मातीचा वास असतो, हिला नाही, असं काहीसं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आणखी एक आणून देते. त्यावर ती जरा घुटमळली आणि म्हणाली, भरलेली नको. रिकामी पिशवी आहे का तशीच, जाड? तिनं आधीची पिशवी चिरून, धुऊन सरपणाच्या मोळीवर अंथरली होती. दवानं लाकडं ओली होतात, सकाळी चूल धरत नाही. अजून तीन-चार असल्या तर खोपीच्या वरच्या अंगालाही होतील.

पुढच्या आठवड्यात मामा औषधांना आले तेव्हा छत्र्यांमागचा सगळा गठ्ठा मी त्यांच्या गाडीला बांधून दिला.